तेलावरच्या गाडीचा अडकलेला व्हॉल्व्ह: नवा घेण्याआधी हे बघा

चिकोडीकडच्या एका गाडीमालकांनी विचारलं आहे. जुनी डिझेल जीप, इनडायरेक्ट इंजेक्शनचं (म्हणजे जुन्या धाटणीचं) इंजिन, इंधन दाबून पाठवणारा बॉशचा रोटरी पंप. टाक्या दोन: एकीत डिझेल, दुसरीत हॉटेलांतून आणून गाळलेलं तळणीचं तेल. पंपाकडे जाणाऱ्या पुरवठ्याला एक आणि पंपातून उरलेलं इंधन टाकीत परत नेणाऱ्या रिटर्नला एक, असे तीन तोंडांचे दोन सोलेनॉइड (विजेवर वाट बदलणारे) व्हॉल्व्ह बसवलेत. गाडी डिझेलवर चालू करायची, गरम झाली की स्विचनं तेलावर न्यायची आणि बंद करण्याआधी परत डिझेलवर आणायची, अशी पद्धत. डिसेंबर लागल्यापासून सकाळी स्विच दाबला तरी गाडी लवकर तेलावर जात नाही. आणि अलीकडे एकदा तेलावर गेली की परत डिझेलवर येत नाही. डिझेलच्या टाकीचा काटा मात्र वर चढत चाललाय. गॅरेजवाले म्हणतात व्हॉल्व्ह बदला. बदलायचा का?

आत्ताच बदलू नका. हे व्हॉल्व्ह क्वचितच आपणहून बिघडतात. त्यांच्यात जे तेल उभं राहतं आणि ज्या गरमीत राहतं, त्यानं ते अडकतात. ते तेल आणि ती गरमी तशीच ठेवून नवा व्हॉल्व्ह बसवलात तर पुढच्या थंडीत तोही अडकेल. खरं म्हणजे तुमच्या दोन तक्रारी हे दोन वेगळे आजार आहेत. ते वेगळे काढले की काम सोपं होतं.

पण त्याआधी एक महत्त्वाचं. दुरुस्ती होईपर्यंत गाडी तेलावर चालवू नका. टाकीचा काटा चढतोय याचा अर्थ सरळ आहे: रिटर्नचा व्हॉल्व्ह डिझेलकडे वळतोय आणि पुरवठ्याचा तेलावरच अडकून बसलाय. म्हणजे संध्याकाळी स्विच फिरवून दहा मिनिटं गाडी चालवता तेव्हा पंप डिझेलनं धुतला जातोय असं तुम्हाला वाटतं, पण पंपात तेलच जातंय, आणि पंपातून परतलेलं तेल डिझेलच्या टाकीत पडतंय. रात्रभर पंप आणि इंजिनात इंधन फवारणारे नोझल तेलानं भरून राहतात. सकाळी गाडी उशिरा चालू होत असेल, पांढरा धूर येत असेल, तर तेही त्यातूनच. अशा थंड, घट्ट तेलात रोटरी पंप जबरदस्तीनं फिरवला तर आतले भाग तुटू शकतात. बॉशचा पंप थोडं सोसतो. लुकास किंवा सीएव्हीचा रोटरी पंप असता तर मी गाडी जागची हलवूच नका म्हणालो असतो.

आता आजार ओळखू. तुमच्या प्रकारच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये करंट दिला की कॉइल (तारेचं वेटोळं) आतल्या स्पूलला, म्हणजे सरकणाऱ्या दांड्याला, ओढते आणि वाट तेलाकडे उघडते. करंट काढला की स्प्रिंग स्पूलला मागे ढकलते आणि वाट डिझेलकडे येते. तेलावर जाणं हे विजेचं काम, डिझेलवर येणं हे स्प्रिंगचं. म्हणून सकाळी तेलावर न जाणं आणि गरम असताना डिझेलवर न येणं, या दोन गोष्टींची कारणं वेगळ्या ठिकाणी शोधायची.

डिझेलवर न येण्यापासून सुरुवात करा, कारण धोका तिथंच आहे. इंजिन चालू असताना, गाडी तेलावरून डिझेलवर घेतल्यावर, पुरवठ्याच्या व्हॉल्व्हच्या कॉइलवर मल्टीमीटर लावा. शून्य दाखवलं पाहिजे. बारा व्होल्ट दिसले तर व्हॉल्व्हचा काही दोष नाही, रिलेचे, म्हणजे कॉइलला करंट देणाऱ्या विजेच्या स्विचचे, पॉइंट चिकटलेत. हे बऱ्याच वेळा होतं आणि बरेच जण तिकडे बघतच नाहीत. कॉइलचा करंट तोडला की क्षणभर उलटा मोठा झटका येतो, त्यानं पॉइंट जळतात आणि शेवटी एकमेकांना चिकटून बसतात. रिले बदला आणि कॉइलच्या दोन टोकांत ४००७ नंबरचा डायोड लावा, चंदेरी पट्टा प्लसकडे. उलटा लावलात तर फ्यूज जाईल. मीटर नसेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉइलच्या डोक्यावरच्या नटला लावून बघा. करंट असेल तर टोक ओढलं जातं, नसेल तर नाही.

शून्य व्होल्ट असूनही पंपाकडे तेलच जातंय, तर स्पूल जागेवर अडकलाय. खात्रीसाठी व्हॉल्व्ह आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी घाला. डिझेल फिकट दिसतं, तळणीचं तेल चहाच्या रंगाचं. फसायला जागा नाही. त्याच नळीत बुडबुडे दिसले तर बहुधा स्पूल अर्धवट अडकून दोन्ही वाटा थोड्या थोड्या उघड्या आहेत आणि रिकाम्या बाजूनं हवा ओढली जातेय. अशी गाडी चढाला दम सोडते आणि लोक नोझलचा खर्च करत बसतात.

इंजिन गरम असताना अडकलेला स्पूल थिजलेल्या चरबीनं अडकत नाही, कारण चरबी तेव्हा वितळलेली असते. मग उरतात दोन कारणं. एक म्हणजे ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) फुगलीय. गाडी तेलावर चालेल अशी करून घेताना बाजारात मिळेल ती काळी रिंग घालतात. साधं रबर वनस्पती तेलात फुगतंच. नायट्राइल रबर ताज्या, थंड तेलात टिकतं, पण गरम आणि आंबट झालेल्या तळणीच्या तेलात हळूहळू कडक पडतं. इथे गरम तेल सोसणारं वायटॉन रबरच पाहिजे. दुसरं कारण म्हणजे स्पूलवर बसलेली राळ. तेल गरम राहून, हवा लागून, वर्षानुवर्षे जुन्या कढईच्या कडेला बसतो तसा तपकिरी, चिकट, न निघणारा थर धातूवर चढतो. स्पूल आणि बॉडी यांच्यातली फट इतकी बारीक असते की या थरासाठी तिथे जागाच नसते. कॉइलमध्ये जोर असतो म्हणून ती ओढून नेते. स्प्रिंग बिचारी कमी ताकदीची, तिला परत आणता येत नाही. तुमची गाडी नेमकी इथे अडली आहे असं मला वाटतं.

सकाळी तेलावर न जाण्याचं कारण बहुतेक वेगळं आहे, आणि ते आपल्या भागातल्या हॉटेलांशी जोडलेलं आहे. गाड्यावरची भजी, वडे, मिरच्या, फरसाण यांचं तळण आता बहुतेक ठिकाणी पामोलीनमध्ये होतं, काही ठिकाणी त्यात वनस्पती तूप मिसळलेलं असतं. वनस्पती तूप साधारण ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान वितळतं. थंडीत पामोलीनसुद्धा बाटलीत पांढरं पडतं, हे घरात सगळ्यांनी पाहिलंय. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा सहज पंधराच्या खाली जातो, खानापूरच्या रानाकडे आणखी. गाडी डिझेलवर उभी असताना व्हॉल्व्हच्या तेलाकडच्या तोंडात तेल तसंच थांबलेलं असतं, त्यातून काही वाहत नाही. रात्री ते थिजतं. सकाळी तुम्ही स्विच दाबता, कॉइल ओढते, पण पुढे लोण्याचा गोळा. पडताळायचं असेल तर साठेक अंश गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं व्हॉल्व्हवर दोन-तीनदा गुंडाळा. टक् आवाज येऊन गाडी तेलावर गेली, तर चरबीच होती. पेटती मशाल किंवा ब्लो-लॅम्प लावू नका, आजूबाजूला डिझेलचे पाइप आहेत आणि ओ-रिंग तर जळतीलच.

गरम फडक्यानंही फरक पडला नाही तर कॉइलकडे बघा. १८ वॅटची कॉइल बारा व्होल्टवर दीड अँपिअर घेते, म्हणजे तिचा रोध आठ ओहमच्या आसपास असायला हवा. तुमच्या कॉइलवर जो वॅट छापलाय त्यावरून हिशेब करा. मग करंट चालू असताना बॅटरीवर आणि कॉइलच्या टोकांवर व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे, अर्थ गंजलाय किंवा रिले कमजोर आहे. चेसिसचा अर्थ घासून नवा करणं हे इतकं सोपं काम आहे की ते सगळ्यात आधी केलं तरी चालेल. कॉइल तापली की तांब्याचा रोध वाढतो, साठ अंशांच्या वाढीत पाव हिश्श्याच्या जवळपास, आणि त्यानं ओढायचा जोर कमी होतो. म्हणून इंजिनच्या एक्झॉस्टजवळ बांधलेला व्हॉल्व्ह थंडीत चालतो आणि तापल्यावर दगा देतो.

ज्यांच्याकडे सहा तोंडांचा, छोट्या मोटरवर फिरणारा व्हॉल्व्ह आहे त्यांच्यासाठी एवढंच: त्यात स्प्रिंग नसते, दोन्हीकडे मोटरच नेते, वायरची प्लस-मायनस उलटी केली की दिशा उलटते. म्हणून तिथे 'करंट गेला की गाडी आपोआप डिझेलवर' हे गृहीत धरू नका. बाकी चरबी आणि राळ यांचं सगळं तसंच.

आता व्हॉल्व्ह उघडू. बॅटरीची मायनस काढा. पाइप काढण्याआधी प्रत्येकावर खूण करा, तीन तोंडांपैकी मधलं कुठलं आणि कडेचं कुठलं हे परत जोडताना हमखास चुकतं. कॉइल वरून निघते, मग पान्यानं कार्ट्रिज (स्पूल बसवलेला आतला भाग) सैल करा. स्पूल ओढून निघत नसेल तर पकडीनं धरू नका. त्यावरचा एक ओरखडासुद्धा पुढे गळती होतो. गरम पाण्यात बॉडी ठेवा, मग लाकडी काडीनं दुसऱ्या बाजूनं हळू ढकला.

राळ कशात सुटते याबद्दल बरेच चुकीचे सल्ले ऐकायला मिळतात. डिझेलमध्ये ती विरघळत नाही, पेट्रोलमध्येही नाही. रात्रभर भिजवून सकाळी तशीच असते. बायोडिझेल मिळालं तर ते चांगलं काम करतं, रात्रभर भिजवा, मग पितळी ब्रश आणि फडकं. एनसी थिनर (रंग पातळ करायचं) किंवा ॲसिटोनही थर मऊ करतात, पण त्याआधी सगळ्या ओ-रिंग काढून बाजूला ठेवा, कारण डिझेलला दाद न देणारं वायटॉन ॲसिटोनमध्ये फुगून निकामी होतं. आणि कॉस्टिक सोडा. तो राळ साबणासारखी सोडवतो हे खरं, म्हणून पोलादी भागांसाठी काही जण वापरतात. पण बऱ्याच व्हॉल्व्हच्या बॉडी ॲल्युमिनियमच्या असतात आणि ॲल्युमिनियमला कॉस्टिक खाऊन टाकतो, वर हायड्रोजन वायू निघतो. ॲल्युमिनियमच्या जवळही तो नेऊ नका. पॉलिश पेपर तर कुठल्याच भागाला लावू नका, फट मोठी झाली की डिझेल आणि तेल आतल्या आत मिसळतात.

धुतल्यावर स्पूल बॉडीत आपल्या वजनानं सरकला पाहिजे. सरकत नसेल, मध्येच कुठे धरत असेल, तर गॅरेजच्या ऐवजी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जा. तिथे हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह आणि पंप बनवणारे, दुरुस्त करणारे लोक आहेत. स्पूल आणि बोअर जुळवणं हे त्यांचं रोजचं काम. गाडीच्या मेस्त्रींना इंजिन कळतं, पण मायक्रॉनच्या फटीचं काम या लोकांच्या हातात द्यावं असं माझं ठाम मत आहे. वायटॉनच्या रिंगही तिथेच मापानं मागा. जुनी रिंग फुगलेली असते, तिच्यावरून माप घेऊ नका, खाचेवरून घ्या.

जोडण्याआधी टेबलावरच तपासा. स्वच्छ तोंडांना नळी लावून फुंका: करंट नसताना डिझेलच्या तोंडातून हवा पंपाच्या तोंडाकडे गेली पाहिजे आणि तेलाचं तोंड बंद राहिलं पाहिजे, करंट दिल्यावर बरोबर उलटं. मग करंट देत-काढत राहा. प्रत्येक वेळी जातानाही आणि येतानाही टक् असा कोरडा आवाज आला पाहिजे. जाताना टक् आणि येताना फुस्स, असं असेल तर काम अजून झालेलं नाही.

इतकं करून मूळ कारण तसंच ठेवलं तर पुढच्या वर्षी परत हेच. तुमच्या गाडीत मी पहिल्यांदा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, आहे का ते बघेन. आपल्या भागात उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आहे. तेलावर चालणाऱ्या गाडीला ते फार मारक ठरतं. तेल रेडिएटरच्या पाण्याच्या गरमीवरच तापतं. थर्मोस्टॅट नसला की थंडीत पाणी कोमटच राहतं, आणि तेल सत्तर अंशांपर्यंत पोचतच नाही. चाळीस अंशांवर तळणीचं तेल डिझेलपेक्षा दहापटीहून घट्ट असतं. सत्तर-ऐंशीच्या पुढे गेलं की पंपाला आणि नोझलला झेपण्याइतकं पातळ होतं. कोमट तेल नीट जळत नाही, राळ पिस्टनच्या रिंगमध्ये आणि नोझलवर साचते, आणि थोडं जळल्याशिवाय खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. थर्मोस्टॅट परत बसवा. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करा. आणि व्हॉल्व्ह तेल तापवणाऱ्या हीटरच्या नंतर, पंपाच्या जितका जवळ बसेल तितका बसवा, शक्य असेल तर गरम पाण्याच्या होजला चिकटून. पंपापर्यंतची नळी आखूड हवी हे फक्त गरमीसाठी नाही. आठ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या एक मीटर नळीत पन्नास मिलिलिटर तेल राहतं, गाडी बंद करण्याआधी तेवढं सगळं डिझेलनं ढकलून काढावं लागतं. व्हॉल्व्हनंतर दोन्ही इंधनांना मिळून एकच मोठा फिल्टर बसवला असेल तर दहा मिनिटांतही तो धुतला जाणार नाही. दोन टाक्यांना दोन फिल्टर आणि ते व्हॉल्व्हच्या आधी, हीच पद्धत बरोबर.

दुसरं म्हणजे तेल कुठून घेता. २०१८ पासून अन्न सुरक्षा नियमांत तळणीच्या तेलासाठी एकूण पोलर घटकांची (तेल तापून बिघडल्यानं तयार होणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के आहे. त्यापुढे गेलेलं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. म्हणजे हॉटेलवाला तुम्हाला जे देतो ते बहुधा याच मर्यादेला पोचलेलं किंवा ओलांडलेलं, आधीच राळ व्हायला निघालेलं असतं. काळं, फेसाळणारं, उग्र वासाचं तेल फुकट मिळालं तरी घेऊ नका. शेंगदाणा तेलात तळणारी ठिकाणं आता कमी आहेत, पण सापडलं तर तेच धरून ठेवा. ते पामसारखं थिजत नाही आणि सूर्यफूल-सोयाबीनसारखी लवकर राळ धरत नाही.

पामोलीनशिवाय पर्याय नसेल तर थंडीत ड्रम रात्रभर उघड्यावर, झाकण लावून, ठेवा. दोन-तीन रात्रींत जड चरबी तळाशी बसते. वरचं पातळ तेल काढून तेवढंच वापरा. खालचं एप्रिल-मेसाठी ठेवा, उन्हात ते पातळ होतं. गाळण्याआधी चमचाभर तेल तापलेल्या कढईत टाका, तडतडलं तर पाणी आहे. तळणीच्या पाण्यात मीठ असतं, आणि खारं पाणी व्हॉल्व्हच्या पोलादी स्पूलला गंज चढवतं. पावसाळ्यात खानापूर-लोंढ्याकडे हवेतली ओल टाकीच्या व्हेंटमधूनही आत येते, तेव्हा टाकीच्या तळाचा नळ अधूनमधून उघडून पाणी काढत जा.

फिटिंगकडेही नजर टाका. तांब्याची नळी आणि जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) जोडण्या असतील तर काढा. तांबं तेलाची राळ होण्याचा वेग वाढवतं, आणि जीआयवरचं जस्त आंबट तेलाशी मिळून साबणासारखा गाळ तयार करतं, तो थेट व्हॉल्व्हमध्ये येऊन बसतो. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील चालतं.

कधी चोर्ला घाटात किंवा हायवेवर व्हॉल्व्ह तेलावर अडकला, तर इंजिन बंद करू नका, तसेच घरी किंवा गॅरेजला पोचा. तिथे, आणि गाडीत हातभर नळी, दोन क्लिपा आणि एक जॉइनर असेल तर रस्त्यातही, डिझेल फिल्टरचं तोंड थेट पंपाला जोडता येतं, व्हॉल्व्ह मध्ये न घेता. हे करताना इंजिन बंद करावंच लागतं, पण ते गरम असताना, पटकन. हँडपंप मारून हवा काढा, चालू करा, पंधरा मिनिटं तशीच चालू द्या. इंजिन आधीच थंड पडलं असेल तर स्टार्टर मारत बसू नका. पंपावर गरम पाण्याची फडकी ठेवून ऊब द्या, मगच.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला बंधनं आहेत, आणि आपली माणसं तर रोज कोल्हापूर-बेळगाव दोन राज्यांत जातात. परिवहन खात्यात आधी विचारा. कॉमन रेल (खूप जास्त दाबानं इंधन फवारणाऱ्या) इंजिनच्या नव्या गाडीवर हा प्रयोग करायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो सोडून द्या, त्या पंपाचा आणि नोझलचा खर्च वाचलेल्या डिझेलमध्ये कधीच निघणार नाही.

राहिला तुमच्या डिझेलच्या टाकीत शिरलेल्या तेलाचा प्रश्न. ते डिझेल फेकू नका, पण त्यावर सकाळची गाडीही चालू करू नका. सगळं काढून तेलाच्या टाकीत घाला, तिथे ते गरम होऊन जळेल आणि थंडीत तेल पातळ ठेवायला मदतच होईल. टाकीत नवं डिझेल भरा, डिझेलचा फिल्टर बदला. मग डिपस्टिक काढून बघा: इंजिन ऑइलची पातळी वर गेली असेल किंवा ऑइल बोटाला चिकट, दाट लागत असेल, तर तेल खाली उतरलंय. तसंच ठेवलं तर ते ऑइल जेलीसारखं घट्ट होऊन बेअरिंगपर्यंत पोचणं थांबतं. पातळी ठीक दिसली तरी या वेळी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलाच, आणि यापुढे कंपनीनं सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलत जा.